निऱ्यांत हरवलेले पाय

शहरातल्या नव्या संग्रहालयासाठी आम्ही एक भिंत बनवत होतो. समोर उभं राहिलं की भिंतीवर आपल्याएवढीच उजेडाची आकृती उमटायची. आपण हात हलवला की तीही हलवायची आणि तिच्या हातांनी स्कूटरचे सुटे भाग उचलून जोडायचे. भोसरीतल्या एका भाड्याच्या शेडमध्ये हे काम चालायचं. टीममध्ये बाई मी एकटीच, तीही कायम जीन्समध्ये.

एका शनिवारी आईला थेरगावहून शेडवर घेऊन आले. चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर तिची सगळी नोकरी झालेली. तिला भिंत दाखवायची मला फार हौस होती. ती समोर उभी राहिली. काहीच उमटलं नाही.

"हात वर कर," मी म्हणाले.

तिनं केला. आकृती क्षणभर उमटली, थरथरली, मोडली आणि विझली. आई पुढे सरकली, मागे सरकली, मग पदर सावरून बाजूला झाली.

"राहू दे गं. शिकलेल्या पोरांसाठी असेल हे."

ते मला झोंबलं. कारण शोधायला वेळ लागला नाही. आमचा प्रोग्राम माणूस ओळखताना दोन पाय शोधायचा, आणि साडीच्या निऱ्यांत त्याला पाय सापडत नव्हते. आजवर साडी नेसून कुणी त्या भिंतीसमोर उभंच राहिलं नव्हतं.

सोमवारी मी आमच्या टीमच्या मुख्य सरांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्घाटन तोंडावर आलंय. शाळेची मुलंच जास्त येणार. आता हात लावू नकोस."

"मुलांबरोबर त्यांच्या आया येतील, सर."

"त्या बघतील की."

"बघायला कशाला? स्कूटर जोडायला येतील. या शहरात लाइनवर उभ्या राहिलेल्या बाया काय कमी आहेत?"

सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "दोन रविवार देतो. जमलं नाही तर जुनंच लावणार."

पाय सोडून डोकं, खांदे आणि हात यांवरून आकृती उभी करायचं मी ठरवलं. पण त्यासाठी साडीतल्या बाया हव्या होत्या. आईनं विहारात विचारलं आणि रविवारी वंदना संपल्यावर सात-आठजणी रिक्षांनी थेट शेडवर आल्या, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. पहिली हसत सुटली. दुसरी हात पोटाशी धरूनच उभी. "सगळ्यांसमोर एवढे हात पसरायला लाज वाटते गं," ती म्हणाली. मग थोडासा हात हलवला तरी भाग उचलला जाईल, असा बदलही मी केला. पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या, या वेळी रंगीत साड्यांत. त्या दिवशी प्रत्येकीची आकृती उमटली.

सरांचा विश्वास बसेना. त्यांनी एक चादर कमरेला गुंडाळली आणि स्वतः भिंतीसमोर गेले. आकृती लख्ख उभी राहिली. "लाव," एवढंच ते म्हणाले.

डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईची आकृती अजून मधूनच डळमळते. तेही मी दुरुस्त करणार आहे.

उद्घाटनाला आई रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तसं तिनं चाक बसवलं, हँडल बसवलं, घाई न करता. प्रत्येकाला ठरवून दिलेली वेळ संपली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला न्यायला पुढे झाले, तर ती पुन्हा रांगेच्या टोकाला निघालेली.

"आता कशाला?"

"आरसा राहिलाय," ती म्हणाली.