हातभर तार

कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही लोणावळ्यात माझ्याकडे बिघडलेले सर्किट बोर्ड येत राहिले. गेल्या उन्हाळ्यात मात्र पवनानगरजवळच्या एका शेतकऱ्याच्या पॉलिहाऊसवर मलाच जावे लागले. गुलाबांवर धुके सोडणारे फॉगर भर दुपारी आपोआप थांबत. कळ्यांनी माना टाकल्या होत्या. आणखी काही दिवस असेच गेले असते, तर झाडेच हातची गेली असती.

नियंत्रणाच्या पेटीची कडी तुटली होती; दार लोंबत होते. आतल्या बोर्डावर हवेतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरची तांब्याची वाट जळाली होती आणि ती एका तारेने जोडलेली होती. जोडाचे कथिलाचे डाग स्वच्छ होते. अंतर दोन बोटांचे, तार हातभर. उरलेल्या तारेचे वेटोळे नीट बांधून ठेवले होते.

"धाकट्यानं लावलीय," शेतकरी म्हणाले. "पुढं लागली तर असू दे, म्हनला हुता."

हा धाकटा भाऊ घरांचे वायरिंग करीत असे. दिवाळीआधी तो वारला. भिंतीत वाढीव तार ठेवणे हे शहाणपणच. बोर्डावर ते चालत नाही. तिथे तार जितकी लांब, तितका शेजारच्या विजेचा गोंगाट तिच्यात शिरतो. मी विहिरीचा पंप सुरू करायला सांगितले. पंपाने झटका घेताच ओलाव्याचा आकडा उसळला आणि ओलावा पुरेसा झाला असे समजून फॉगर थांबले.

"तोडावी लागेल."

"आबा, दुसरं कायबी करा. तिला हात लावू नगा."

त्यांच्या पत्नी मागे उभ्या होत्या. "झाडंबी भावजींनीच लावल्याती. ती वाळवून तार जपनार व्हय? मंग तारंलाच येऊ द्या फुलं."

शेतकरी पेटीपासून एक पाऊल मागे सरले.

मी तार कापली. एका टोकाचा डाग तसाच ठेवला. त्यात बदलण्यासारखे काही नव्हते. दुसरे टोक आखूड करून, बोर्डाला टेकवून, सरळ जवळच्या वाटेने नेले आणि डाग दिला. पंप पुन्हा सुरू केला. आकडा हलला नाही. आत धुके पडत राहिले.

मी अवजारे आवरीपर्यंत शेतकरी उरलेली तार हातात धरून उभे होते. मग त्यांनी पेटीचे दार लावले, आणि त्याच तारेचे दोन वेढे देऊन ते घट्ट बांधले.