जाधवरावांची फुगलेली बॅटरी

किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. पाटणकर बाजारात माझ्या सुनेचं, वंदनाचं, लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दाराशी स्टुलावर नुसतं बसून राहायचं, किस्से आपल्या पायांनी आत येतात. मला त्या यंत्रातलं काही कळत नाही, पण माणसं पाहण्यात दिवस मजेत जातो, एवढं खरं!

*

नया बाजारातले जाधवराव लांब असलेल्या लेकीशी लॅपटॉपवर बोलतात. घराण्यात पूर्वी शिपाईगिरी, त्यामुळे आवाज अजून तोफेचा. वंदनानं चार्जरची वायर काढली, स्क्रीन तिथंच काळी.

"काका, बॅटरी गेली."

"बॅटरी उत्तम आहे! फक्त वायरीशिवाय चालत नाही!"

*

भागवत बाई शाळेत शिकवतात. त्यांनी पिशवीतून बॅटरी काढली, ती बर्फासारखी गार!

"बाई, ही होती कुठं?"

"फ्रीजरमध्ये, मटारशेजारी. उन्हाळाभर. ठंड में ताकत टिकती है ना?"

वंदनानं डोकं धरलं. मला वेगळीच काळजी. "आणि मटार?"

"ते खाल्ले की!"

*

पुढे जाधवराव पुन्हा आले. लॅपटॉपचा कीबोर्ड मधून पुरीसारखा वर आलेला.

"आधी याहून फुगला होता. वरवंटा ठेवून बराच बसवला!"

वंदनाचा चेहरा पांढरा पडला. "काका, आग लागली असती!"

"लागली का? नाही ना?"

तिनं हलक्या हातानं कीबोर्डखालची फुगलेली बॅटरी काढली. टोपी बाजारातून आणलेली नवी बसवली. जुनी वाळूच्या डब्यात ठेवणार, तोच जाधवराव आडवे आले.

"आमची वस्तू आम्ही टाकून जात नाही."

"काका, ये फट सकती है! घर पेटेल, ऐका माझं!"

ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली आणि जाधवराव बॅटरी घेऊन पसार!

*

दुसऱ्या दिवशी दसरा. जाधवराव फोन उचलेनात. "बाबा, चला," म्हणत वंदनानं मला स्कूटरवर बसवलं.

त्यांच्या घरात पूजा मांडलेली. चौरंगावर पूर्वजांची तलवार, ढाल, झेंडूची फुलं. आणि तलवारीशेजारी, हळदीकुंकू लावलेली, टम्म फुगलेली बॅटरी! समईची ज्योत तिच्यापासून वीतभर.

वंदना धावली. समई फुंकली, बॅटरी अलगद उचलली आणि अंगणात वाळूच्या ढिगावर नेऊन ठेवली.

"सूनबाई! दसऱ्याचा दिवा फुंकलास?" जाधवराव गरजले.

"मग काय, काका, घर विझवत बसायचं होतं?"

स्वयंपाकघरातून काकू आल्या, कपाळाला हात लावून. "सकाळपासून ओरडतेय मी! अहो, ती बॅटरी नाही, बॉम्ब आहे, बॉम्ब!"

जाधवरावांनी तलवारीवरचं फूल सरळ केलं.

"मग? बॉम्ब शस्त्र नाही का?"