आतड्याला वार कळत नाही

डॉक्टरीणबाई दारात आल्या की रामराम नाही, पाणी नको. पहिला प्रश्न एकच, "काल काय चारलं ह्याला?" उत्तर द्यायला वेळ लावला की चिडायच्या, आणि खरं उत्तर मिळालं की जास्तच चिडायच्या.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, पाऊस गायब होता आणि ह्या बाई नांदेडहून जनावरांच्या दवाखान्यावर आल्या होत्या. दिवसभर गुरांच्या छावणीत राबायच्या आणि संध्याकाळी गावातली कुत्री तपासायच्या. "माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् हिला कुत्र्याची हगवण सुचून राहिली," असं पेठेतले लोक त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत. बाई सायकलवरून उतरत. "हाव, सुचून राहिली. पोट दुखलं तर तुम्ही गाव गोळा करता. त्याला बोलता येत न्हाई."

आमच्या भुऱ्याचं पोट बारमाही बिघडलेलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, पेठेतले किराणा दुकानदार आणि कडक शिवभक्त. सोमवारी घराला उपास, म्हणून कुत्र्यालाही उपास. रात्री त्याच्यापुढे तुपातला शिरा आणि वाटीभर म्हशीचं दूध. हगवण लागली की औषधाच्या दुकानातून आणलेल्या कसल्याही गोळ्या. बाईंनी हे ऐकलं आणि गिऱ्हाइकांसमोर अप्पांना झाडलं. "सोमवार तुमचा, अप्पा. त्याच्या आतड्याला वार कळत न्हाई."

मग मला जवळ बसवून त्यांनी नीट समजावलं. आतड्यात बारीक जिवाणू असतात, ते पचनाला मदत करतात. उठसूट गोळ्या चारल्या की वाईटांबरोबर तेही मरतात. मोठ्या कुत्र्याला बहुधा दूध पचत नाही, तूप तर नकोच. खाणं एकदम बदलायचं नाही, हळूहळू बदलायचं. सध्या मऊ भात आणि उकडलेलं अंडं द्यायचं.

अंडं म्हणताच अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, कानांवर हात ठेवले. "अंडं ह्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई," अप्पा गरजले.

"मग कुत्रं बाहेर येईल," बाई म्हणाल्या आणि भुऱ्याला दोरीसकट आपल्या खोलीवर घेऊन गेल्या. टँकरच्या पाण्यातलं आपल्या वाट्याचं पाणी घालून त्याचा भात शिजवायच्या. एका सकाळी मला हाक मारून त्यांनी त्याची विष्ठा दाखवली, लेकराचा निकाल दाखवावा तशी. "बघ गं, कशी बांधून आली!"

भुऱ्या अंगानं भरला तसं अप्पांनी त्याला परत आणलं. बाईंनी चारदा बजावलं होतं, तूप नको. श्रावणातल्या सोमवारी अप्पांनी आनंदानं ताटभर शिरा त्याच्यापुढे ठेवला. "प्रसादानं कुणाचं वाईट होत न्हाई," म्हणाले. रात्रीपासून भुऱ्या ओकत राहिला, पोट आवळून कण्हत राहिला. अप्पांनी बाईंना बोलावू दिलं नाही. मी चोरून धावत गेले, तर त्या छावणीवर. त्या आल्या तेव्हा भुऱ्या गेला होता.

अप्पांनी पेठेत सांगितलं, बाईच्या अंड्यानं मेला. पेठेनं माना डोलावल्या. आजही त्या माना आठवल्या की माझं डोकं भडकतं. तक्रारी गेल्या आणि भर दुष्काळात बाईंची बदली झाली. स्टँडवर मी रडू लागले, तर माझ्यावरच ओरडल्या. "रडून कुणाचं पोट बरं होत न्हाई. पुढच्या कुत्र्याकडं लक्ष दे."

दिवाळीच्या आधी अप्पांनी पिल्लू आणलं. सोमवारी त्याच्यापुढे शिऱ्याचं ताट ठेवलं. मी ते उचललं. अप्पांनी सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली. मी ताट सोडलं नाही.