बारा पेनं, नऊ घड्याळं आणि एक सही

माझी मॅट्रिक बुडाली ती आबामामांमुळे. नशीब, ग्रह, गणित यांचा त्यात काडीचा संबंध नाही. जव्हारात कोणी विचारलं तर मी हे असंच तोंडावर सांगतो. मग समोरचे काका लगेच डोळे वटारतात, "अरे, मामा आहेत ते तुझे! चार वर्षं पोसलंय तुला!" पोसलंय, मान्य. म्हणून बुडवायचा परवाना मिळतो का?

आणि सांगायला बसलं की एकच किस्सा कधी निघत नाही. पेनाचा काढावा तर त्याला घड्याळाचा चिकटलेला, घड्याळाचा सोडवावा तर त्यातून शाई गळतेय. माझा इलाज नाही. त्या माणसांनी दोन्ही छंदांचं एकच खूळ करून ठेवलं होतं.

माणसं तीन. आबामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. संस्थानच्या दफ्तरात आवक-जावक बघायचे. दुसरे गोपाळशेठ, पेठेत कापडाचं दुकान. तिसरे तात्या मास्तर, आम्हाला शाळेत इंग्रजी शिकवायचे. रोज पाच वाजता मामांच्या ओटीवर बैठक. मधोमध मखमलीचे दोन डबे. एकट्या मामांकडे बारा फाउंटन पेनं आणि नऊ मनगटी घड्याळं! अमेरिकन, जर्मन, स्विस. घरात साखर मोजून, पण निबा सोन्याच्या.

दोन्ही कशाला, एक काय ते जमवा ना? मी एकदा विचारलं होतं. मामा असे बघायला लागले की जणू मी भातावर डाळ कशाला म्हणून विचारलंय.

"दफ्तरात कागद आला की आधी सही, आणि सहीखाली वेळ," ते म्हणाले. "सही सांगते कोणी, वेळ सांगते केव्हा. एक नसलं तर कागद मुका!"

म्हणून प्रत्येक पेनाचं एक घड्याळ ठरलेलं. त्याला ते 'जोडी' म्हणायचे. जोडी मोडायची नाही. या पेनाने सही केली तर वेळ त्याच्याच घड्याळातली. घड्याळं नऊच असल्यामुळे तीन पेनं उरायची. गोपाळशेठ त्यांना 'ब्रह्मचारी' म्हणायचे आणि दर वेळी स्वतःच हसायचे.

मग संस्थान विलीन झालं. मामांना नव्या सरकारी कचेरीत घेतलं, पण टेबल असं मिळालं की कागद नुसते समोरून जायचे. सही वरच्या साहेबाची. मामांची सही कोणी मागेना.

त्यानंतरच पेनं पाचाची बारा झाली!

*

संस्थानात वेळेचे टोल पडायचे. विलीनीकरणानंतर ते बंद झाले. सगळ्या गावाने आपापली घड्याळं रेडिओवर लावली. या तिघांनी नाही. त्यांची घड्याळं जुन्या टोलांवरच, म्हणजे चांगला अर्धा तास मागे. त्याला म्हणायचे 'आपली वेळ'.

एकदा तिघे नाशिकला निघाले, कुठलंसं जर्मन पेन बघायला. गाडी सकाळी सातची. हे स्टँडवर पोचले पावणेसातला. आपल्या वेळेने! गाडी केव्हाच गेलेली.

मामांनी तिथेच बाकावर बसून तक्रार लिहिली. 'सातची गाडी पावणेसातलाच निघून गेलेली आढळली, सबब चौकशी व्हावी.' खाली सही. सहीखाली वेळ, सहा पन्नास.

स्टँडवरच्या माणसाने कागद वाचला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आबासाहेब, सात वीस झालेत."

"ती तुमची वेळ."

"गाडी पण आमचीच आहे ना!"

*

तात्या मास्तरांचा एक सिद्धान्त होता. निब म्हणजे पतिव्रता. एका हाताची सवय लागली की परक्या हाताने बिघडते. म्हणून स्वतःचं पेन सख्ख्या भावालाही द्यायचं नाही. वर्गात आम्ही टाकाने खरडायचो, शाई सांडायचो आणि हे खिशात तीन पेनं लावून शिकवणार, 'शेअरिंग इज अ व्हर्च्यू'!

एके वर्षी शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. वर्ग बघितला, खूश झाले. शेऱ्याचं बुक मागवलं. त्यांचं स्वतःचं पेन नेमकं सुकलेलं. त्यांनी तात्यांच्या खिशाकडे बघून हात पुढे केला, "द्या जरा."

तात्यांनी खिशावर हात ठेवला. छातीत कळ आल्यासारखा! मग टेबलाच्या खणातून आखूड पेन्सिल काढून दिली.

इन्स्पेक्टरांनी शांतपणे लिहिलं. पुस्तक मिटलं. गेले. संध्याकाळी शिपायाने तो शेरा सगळ्या शाळेला वाचून दाखवला. 'अध्यापन उत्तम. शिक्षकाजवळ लिहिण्याचे साधन नाही.'

*

गोपाळशेठ तर शाईचे भक्त. कुठल्या तरी साहेबाला गावाबाहेरचा शिरपामाळ बघायचा होता, तेव्हा गावातली प्रतिष्ठित मंडळी बरोबर निघाली. प्रतिष्ठित म्हणजे हेच. शेठ पांढरा शुभ्र कोट घालून, खिशात नवं पेन. पेन उलटं खोचलेलं. का, तर बुडाकडचं सोनेरी नक्षीकाम आत गेलं तर लोकांना दिसणार कसं!

चढ चढताना पेनाने जे करायचं ते केलं. वर पोचेपर्यंत खिशापासून धोतराच्या निऱ्यांपर्यंत निळा ओघळ. साहेब विचारतोय छत्रपतींचा मुक्काम कुठे पडला होता आणि सगळे शेठजींच्या धोतराकडे बघतायत.

मला वाटलं, आता तरी हा माणूस लाजेल. छे! शेठनी तळ्यावर जाऊन धोतर चोळचोळ चोळलं, उन्हात धरलं आणि निथळत्या अंगाने मामांकडे आले. चेहऱ्यावर दिवाळी.

"आबासाहेब, बघा! शाई पाण्याने हलली नाही. अस्सल माल आहे!"

*

मामी लिहायला-वाचायला शिकलेल्या. त्यांना माहेरी आईला कार्ड लिहायचं होतं. मामांनी आधी विचारलं, "किती ओळी?" मग म्हणाले, अमुक पेनाची निब जाड आहे, कार्डावर फुटेल. तमुक पेन महिनाभर विश्रांतीला ठेवलंय. ब्रह्मचाऱ्यांपैकी एखादं द्या म्हटलं तर त्यांना घड्याळ नाही!

"आईला वेळ कशाला कळवायचीय मला?" मामी म्हणाल्या.

"पद्धत आहे."

त्या दिवसापासून मामींनी कार्डाचं नाव काढलं नाही. बाजाराला येणाऱ्या बायकांच्या तोंडी निरोप धाडायच्या. मला एकदा म्हणाल्या, "चिंत्या, बारा पेनं आहेत रे घरात. एक बोलत नाही."

*

कचेरीच्या कामाला मामा मोखाड्याला गेले की बाजारचाच दिवस बघून जायचे आणि बरोबर दोस्तांना न्यायचे. तिथे खोडाळ्याहून माझा बाप यायचा नागली घेऊन. एकदा मी पण होतो. बापाने सहज विचारलं, "आबा, किती वाजलं रं?"

झालं! मामांनी डाव्या मनगटावरचं बघितलं, मग उजव्या मनगटावरचं. शेठनी कोटातून आणखी एक काढलं. तिन्हींत सात-आठ मिनिटांचा फरक. मामा म्हणाले स्विस खरं. शेठ म्हणाले स्विसला गार हवा लागते, इथल्या उकाड्यात ते पळतं. तात्या तिन्हींची सरासरी काढायला बसले.

बाप थोडा वेळ उभा राहिला. मग डोक्यावरच्या उन्हाकडे बघितलं, रिकामं पोतं झटकलं आणि गाडी जुंपायला लागला.

"अहो दाजी, थांबा! लागतंय उत्तर!" मामा ओरडले.

"लागू द्या. पुढल्या बाजारी सांगा."

*

आता फॉर्मचं.

मॅट्रिकच्या फॉर्मवर पालकाची सही लागते. बापाचा अंगठा चालला असता, पण शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून मामांचं नाव. मीच सही ठोकून दिली असती, पण मामांची सही म्हणजे देवळाची कमान. सात वेलांट्या, दोन गाठी आणि खाली शेपूट. शाळेचा कारकून जुना दफ्तरातलाच, त्याने लांबून ओळखली असती.

आणि घाई मलाच होती. मॅट्रिक झालेला खोडाळ्याचा पोरगा मिळाला तर तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून घेऊ, असं मला तोंडी सांगितलेलं होतं. पुढल्या जून महिन्यापासून. बापाने तर गावात सांगूनही टाकलं होतं.

फॉर्म मी मामांच्या हातात दिला तेव्हा मुदतीला बारा दिवस होते. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला. चष्मा पुसला. वाचला. परत वाचला.

"ठेव. बघतो."

दोन दिवस पेन ठरलं नाही. तिसऱ्या दिवशी बैठकीत ठरलं, मोठं काळं अमेरिकन. चौथ्या दिवशी शाईवर वाद, निळी की निळी-काळी. मी म्हटलं, "मामा, एक सही आहे फक्त."

मामी आतून म्हणाल्या, "विलीनीकरणानंतर पहिलीच मागतोय कोणी तरी त्यांना. होऊ दे रे त्यांच्या मनासारखं." मी मामींचं ऐकलं. ती माझी चूक.

पाचव्या दिवशी कळलं की काळ्या अमेरिकन पेनाच्या जोडीचं घड्याळ बंद आहे. दुसऱ्या घड्याळातली वेळ घाला ना! नाही. जोडी! मग घड्याळ माणसाबरोबर नाशिकला दुरुस्तीला. मी रोज स्टँडवर जाऊन बघायचो. अष्टमीच्या संध्याकाळी घड्याळ आलं, बरोबर कारागिराची चिठ्ठी.

'घड्याळास काही झालेले नाही. चावी देत जावे.'

मामा त्या घड्याळाला वर्षभर चावी देत नव्हते. चावीने स्प्रिंग झिजते म्हणून!

"मामा, आता करा सही."

"दिवेलागण झालीय. सहीला दिवसाचा उजेड लागतो. उद्या सकाळी."

उद्या म्हणजे नवमी. मुदतीचा शेवटचा दिवस. दसऱ्याची सुट्टी म्हणून कारकून सकाळी बसून फॉर्म घेणार आणि दुपारी दीडच्या गाडीने गठ्ठा घेऊन जाणार होता.

सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर ओटीवर पाट. पाटावर लाल कापड. त्यावर बारा पेनं ओळीने, नऊ घड्याळं, झेंडूची फुलं, हळदकुंकू. शेठ आणि तात्या सोवळ्यात बसलेले.

"मामा, सही."

"आज खंडेनवमी, चिंत्या."

"गाडी दीडला आहे!"

"शस्त्रं पूजेत आहेत. आज शिवायची नाहीत. उद्या सीमोल्लंघन झालं की उचलायची."

"शस्त्रं? पेनं आहेत ती!"

"मग कारकुनाचं शस्त्र कुठलं? कोयता?" शेठ हसले. स्वतःच.

"माझा टाक घ्या. टाकाने करा."

मामांनी पाटाकडे बोट दाखवलं. माझा टाक, दौत, इंग्रजीचं पुस्तक, सगळं तिथेच. पहाटे त्यांनी मागितलं म्हणून मीच काढून दिलं होतं.

मी तात्यांकडे वळलो. शेवटी माझे मास्तर! "सर, तुम्ही तरी सांगा ना. तुम्हाला ठाऊक आहे मुदत."

तात्या मान हलवत म्हणाले, "आबासाहेबांचं बरोबर आहे. सरस्वतीच्या दिवशी लिहू नये."

मामी दारात आल्या. "अहो, पोराचं वर्ष जाईल."

"वर्ष कुठे जातंय? शाळा इथंच आहे," मामा म्हणाले आणि प्रसाद वाटायला लागले. घड्याळांना मात्र कोणी सांगितलं नव्हतं की आज काम करायचं नाही. ती नऊच्या नऊ टिकटिक करत होती.

मी बिनसहीचा फॉर्म घेऊन कारकुनाकडे गेलो. तो म्हणाला, सही नाही तर मला काय करता येणार? स्टँडपर्यंत त्याच्या मागे चालत गेलो. गाडी वेळेवर सुटली.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मामांनी मला हाक मारली. शेठ आणि तात्या दोन बाजूंना बसलेले. काळं पेन उघडलं, निब झटकली, श्वास रोखला आणि फॉर्मवर सही केली. सात वेलांट्या, दोन गाठी, शेपूट. खाली वेळ. टीपकागद लावला. फॉर्म उन्हाकडे धरला.

"बघितलंत? एवढ्या वर्षांनी केली, पण हात हलला नाही!"

शेठ म्हणाले, "क्या बात है!"

त्या वर्षी मी परीक्षेला बसलो नाही, जूनमध्ये खोडाळ्याच्या शाळेवर दुसरा माणूस लागला, आणि त्यानंतर मी शाळेत गेलो नाही.