यादीतलं चौदावं नाव

इर्मा स्कारपाती सत्तावीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या खिडकीत बसून नंबर वाटायची. पहाटेपासून रांग लागायची. नगरसेवकाची मेहुणी असो की पोलीस ठाण्यातला साहेब, "मागून या" एवढंच ती म्हणायची. एकदा तिचा सख्खा भाऊ मूतखड्याने कळवळत आला, तर त्यालाही तिने एक्केचाळीसवा नंबर दिला. भाऊ चार वर्षं तिच्याशी बोलला नाही. ही गोष्ट ती स्वतःच सांगायची आणि वर म्हणायची, "चाळीस जण माझ्याशी बोलले की!"

म्हणून २००२च्या जानेवारीत, बँकांनी आमचे पैसे अडकवले, आम्ही पातेली बडवत ब्वेनोस आयरेसच्या रस्त्यांवर आलो आणि दर रविवारी चौकात सभा भरू लागली, तेव्हा वक्त्यांची यादी कोणाकडे द्यायची हे ठरवायला एक मिनिटही लागलं नाही. सगळे एका सुरात ओरडले, "दोन्या इर्मा!" वयाने मोठ्या बाईला आम्ही मानाने दोन्या म्हणतो.

नियम साधे होते. कोणीही यावं, इर्माला नाव सांगावं, आपल्या क्रमाने तीन मिनिटं बोलावं. यादी संपली की हात वर करून मत. अध्यक्ष नाही, पुढारी नाही. टेलिफोन कंपनीने मला कामावरून काढलं होतं, त्यामुळे वेळच वेळ होता. भोंगा आणि बॅटरी माझ्याकडे असायची. पहिले दोन महिने मला खरंच वाटायचं, की जगात याहून स्वच्छ काही नाही.

मग ग्वीदो आला.

कायद्याचा विद्यार्थी, वय तिशीच्या पुढे, खांद्याला चामड्याची पिशवी. त्याच्या पक्षाची माणसं बस करून यायची. वीसेक जण, एकही आमच्या वस्तीतला नाही. दिवसाला तीन चौक करायचे. सभेत येऊन सगळे नावं द्यायचे आणि एकच भाषण वीस तोंडांनी करायचे. थंडीने काकडलेले म्हातारे आणि कडेवर लेकरं घेतलेल्या बाया कंटाळून घरी गेल्या, की मत घ्यायचे. अशाच एका मताने आमच्या सार्वजनिक स्वयंपाकाचं मोठं पातेलं त्यांच्या मोर्चासाठी गेलं. परत आलं ते बूड जळून, आत सिगारेटची थोटकं. ती थोटकं मी हाताने काढली.

मार्चमध्ये ग्वीदोनेच एक नियम करून घेतला होता: नाव द्यायला एकही माणूस उभा असेल तोवर यादी बंद करायची नाही. "कोणाचाही आवाज दाबायचा नाही, कॉम्रेड!" आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. गाढव होतो.

जुलैच्या ऐन थंडीत एका रविवारी प्रश्न होता गुरुवारचा. बंद पडलेल्या बँकेच्या शाखेचं कुलूप तोडून आम्ही तो हॉल घेतला होता. रोज संध्याकाळी उपनगरातून पुठ्ठेवाले यायचे, आमच्या कचऱ्यातून कागद-पुठ्ठा वेचायला. काचांनी, पत्र्यांनी त्यांचे हात चिरलेले असायचे. इस्पितळातली नर्स मिर्ता येत्या गुरुवारी त्यांना धनुर्वाताची इंजेक्शनं द्यायला तयार होती. चाळीस डोस मंजूर झाले होते, पण सोमवारी सकाळी सभेचं पत्र द्यायचं होतं. ग्वीदोला तोच हॉल त्याच गुरुवारी पक्षाच्या तयारी-बैठकीला हवा होता.

"सुई टोचून क्रांती होत नाही, बाई," तो इर्माला म्हणाला.

"क्रांतीचं मला कळत नाही, पोरा. धनुर्वात होत नाही एवढं कळतं."

साडेचारला विषय निघाला. आमची माणसं पंचवीस-तीस, त्यांची वीस. तास-दीड तासात आमची दहा उरतील हे दिसत होतं. मी इर्माच्या शेजारी बसले आणि तिच्या कानात म्हणाले, "त्यांची बस सहाला सुटते. साडेसहाला त्यांना पुढच्या चौकात मतं द्यायचीत. माणशी तीन मिनिटं, यायला-जायला एक. तेवीस नावं भरली की सहा वाजतात."

तिने पेन्सिल थांबवली. "म्हणजे बोलायचं काही नसलेल्यांची नावं लिहू?"

"ते दुसरं काय करतात?"

"ते करतात म्हणूनच विचारतेय."

"चाळीस डोस आहेत, दोन्या इर्मा."

तिने वहीचं नवं पान उघडलं आणि म्हणाली, "पाठव."

मी आमच्या लोकांत फिरले. कोणी घरी जायचं नाही, एकेकाने नाव द्यायचं, काहीही बोलायचं. लोकांना मजा वाटली. पटापट रांग लागली.

याच गडबडीत देलिया आली. मागच्या चौकात गाडा ओढणारी पुठ्ठेवाली, पंचविशीची, बोटाला मळकी चिंधी. पुठ्ठेवाल्यांपैकी सभेत नाव द्यायला आलेली ती पहिलीच. शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये बसून मुद्दाम आली होती. तिला चौदावा नंबर मिळाला.

"बाई, मला जरा आधी बोलू द्याल? ट्रक पाचला परत निघतो."

"रांग सगळ्यांना सारखी गं बाळा."

"लांबण नाही लावणार. ते दिवसाबद्दल होतं—"

"मला सांगू नकोस," इर्माने हात वर केला. "मी फक्त नावं लिहिते. सांगायचं ते सभेला सांग."

देलिया झाडाखाली जाऊन उभी राहिली.

मग जे झालं ते सभेच्या नावाला काळिमा होतं, आणि आम्ही पोट धरून हसत होतो. म्हातारा आन्सेल्मो आपल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेवर बोलला, खडे केवढे होते ते बोटांनी दाखवून. बेकरीवाल्याने मैद्याच्या पाच प्रतींची नावं घेतली. एकीने नवऱ्याच्या घोरण्यावर तीन मिनिटं काढली आणि "हे सगळं लसीकरणाच्या बाजूने" असं म्हणून खाली बसली. ग्वीदोची माणसं मधेमधे आपलं तेच भाषण म्हणत होती. येर्बाचा कडू चहा हातोहात फिरत होता.

"हा पोरखेळ चाललाय!" ग्वीदो ओरडला. "यादी बंद करा!"

"कोणाचाही आवाज दाबायचा नाही, कॉम्रेड," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळा चौक खदाखदा हसला.

पाच वाजून गेल्यावर इर्माने हाक मारली, "चौदा. देलिया." कोणी पुढे आलं नाही. खिडकीत मारायची तशी तिने तीनदा हाक मारली. झाडाखाली कोणी नव्हतं. तिने नावावर रेघ मारली. "पंधरा."

सहाला बसने हॉर्न दिला. मग लांबलचक दुसरा. त्यांची माणसं एकमेकांकडे बघत, शिव्या देत निघून गेली. ग्वीदो आणि दोघं उरले. यादी संपली, हात वर झाले: सव्वीस विरुद्ध तीन. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. बेकरीवाला नाचला. इर्मा मात्र यादीकडे बघत बसली होती.

"जिंकलो की!" मी म्हणाले.

"यातले किती जण खरंच बोलले, सांग बरं," ती म्हणाली. मी भोंग्याची वायर गुंडाळू लागले.

गुरुवारी हॉल झाडून-पुसून लख्ख केला. मिर्ता बर्फाची पेटी घेऊन चारलाच आली. पाच वाजले, सहा वाजले, साडेसात झाले. एकही गाडा फिरकला नाही. कोपऱ्या-कोपऱ्यावर पुठ्ठे तसेच पडून होते. आठला मिर्ताने पेटीचं झाकण लावलं. डोस त्याच दिवसापुरते मंजूर होते. पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या, दीड महिना तरी धरा, असं ती म्हणाली.

"फुकट मिळतंय तरी येत नाहीत," आन्सेल्मो म्हणाला. "अशांसाठी आपण घसा फोडतो." दोघा-तिघांनी माना हलवल्या. मीही हलवली, हे लिहिलंच पाहिजे.

शुक्रवारी देलिया गाडा घेऊन आली. इर्मा हॉलच्या दारातच उभी होती.

"काल का नाही आलात गं कोणी?"

"गुरुवारी कसं येणार, बाई? या आठवड्यापासून आमचा पुठ्ठा घेणारा वखारवाला गुरुवारीच वजन घेतो. सगळी वस्ती दिवसभर त्याच्या दारात." तिने चिंधी घट्ट केली. "तेच सांगायला तर आले होते त्या दिवशी. शुक्रवार करा म्हणून."

"शुक्रवारी हॉल रिकामाच असतो," इर्मा हळूच म्हणाली.

"मग काय तर. तेवढं एकच वाक्य होतं माझं."

पुढच्या रविवारी इर्माने यादीत पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. भोंगा हातात घेऊन तिने सगळं सांगितलं: कोणती नावं खोटी होती, कशासाठी भरली, आणि कोणाचा आवाज दाबला गेला. तीन मिनिटंही लागली नाहीत. माझं नाव तिने घेतलं नाही, आणि मीही उठून ते सांगितलं नाही.

आन्सेल्मो फुत्कारला, "आता हे त्यांच्यासमोर उगाळायची काय गरज होती?" बेकरीवाला म्हणाला, "म्हातारपणी माणूस असाच आपल्या घराला आग लावतो." वीस-पंचवीस जण होते. एकानेही देलियाबद्दल विचारलं नाही. शुक्रवारी हॉल उघडा ठेवू, असंही कोणी म्हणालं नाही.

टाळ्या वाजल्या त्या ग्वीदोच्या माणसांच्या. तो स्वतः पुढे झाला, इर्माचे खांदे धरले आणि आमच्याकडच्या रीतीने तिच्या गालाचा मुका घेतला. "आम्हाला अशीच प्रामाणिक माणसं हवीत, कॉम्रेड. आमच्याकडे या. आमच्या सभांची यादी तुम्हीच करा."

इर्माने कोटाच्या बाहीने गाल पुसला. पेन्सिल आणि वही बाकावर ठेवली.

मी धावत गेले. मला खरंच वाईट वाटत होतं, आणि कोणीतरी तिची बाजू घ्यायला हवी होती. मीही तिला जवळ घेतलं, दुसऱ्या गालाचा मुका घेतला.

तिने तोही गाल पुसला आणि घराकडे निघाली.