सासुरवाडीची पुएर्ता

शनिशिंगणापुरात माझ्या सासुरवाडीच्या घराला दार बसवलं ते माझा मेव्हणा दत्तू याने नव्हे, मी. बिचारा इतकी वर्षं उगाच बोलणी खातोय.

त्या गावात घराला दार नसतं. राखण शनिदेव करतात. कुत्री शिरू नयेत म्हणून फळी टेकवली तर चालते. पण बिजागरी लागली की ते दार! एवढं तिथल्या शेळीलाही कळतं. मला, जवळच्याच नागापूरच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरला, कळलं नाही.

नव्वद सालानंतर कधीतरी आमच्या कारखान्यात स्पेनहून मशीन आलं आणि मागोमाग तिकडचा इंजिनियर. ते मशीन शिकायला आमच्यातल्या एकाला स्पेनला पाठवणार होते आणि निवड हा पाहुणाच करणार होता. मी लगेच स्पॅनिशचं पुस्तक पैदा केलं. पहिल्या धड्यातलं पहिलं नाम 'पुएर्ता', म्हणजे दार. (आपल्याकडे ते दार, त्यांच्याकडे ती! ला पुएर्ता.) घराचं, गाडीचं, फ्रिजचं, सगळ्यांचं दार पुएर्ताच. 'आब्रे ला पुएर्ता', दार उघड. 'सिएर्रा ला पुएर्ता', दार लाव. इथेच मी पुस्तक मिटलं. विद्वानाला जास्त लागत नाही!

तेवढ्यात पाहुण्याने शिंगणापूर बघायची इच्छा सांगितली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "तुमची सासुरवाडीच ना? उद्या तिकडेच येतो." स्पेन दारात आलं होतं, नव्हतं ते फक्त दार! आणि दाराविना माझी स्पॅनिश चालणार कशी? मशीनच्या खोक्याच्या फळ्या, बिजागऱ्या आणि कडी घेऊन मी त्याच संध्याकाळी सासुरवाडी गाठली.

"दाजी, ह्ये काय करताय?" दत्तूने विचारलं.

"स्पॅनिश!"

"आवो, गाव मला जित्ता ठिवंल का?"

"तासाभराचा तर प्रश्न आहे. स्पेनहून घड्याळ आणतो तुला."

सासूबाई चुलीपासून ओरडल्या, "जावईबापू, कडी लावायचीच हाय तर तोंडाला लावा!"

दुसऱ्या दिवशी पाहुणा गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवून आला. मी गरजलो, "आब्रे ला पुएर्ता!" रात्री पढवल्याप्रमाणे दत्तूने आतून दार उघडलं. "सिएर्रा ला पुएर्ता!" लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. बिजागऱ्या किंचाळल्या, गल्ली गोळा झाली. पाहुण्याने कॅमेरा खाली केला, लांबलचक काहीतरी पुटपुटला आणि मग साहेबांशी इंग्रजीत बोलला. मला फक्त 'पुएर्ता' कळलं.

"दाराची तारीफ करतोय!" मी गल्लीला समजावलं.

"तारीफ?" साहेबांनी दात खाल्ले. "बिनदाराचं घर बघायला आलाय तो! दारं काय त्याच्या गावात नाहीत?"

गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने काठी आपटली. "कुनी बशिवलं ह्ये दार?"

"दत्तूनं," मी म्हणालो. इतकं अस्खलित मी स्पॅनिशही बोललो नव्हतो.

मी पडलो दत्तूच्या बहिणीचा नवरा. त्याने आळ अंगावर घेतला. गावाची माफी त्यानेच मागितली, शनिदेवाला तेलही त्यानेच वाहिलं.

स्पेनला शेवटी पेंटिंग खात्यातला एक जण गेला. त्याला स्पॅनिशमधलं एकही नाम येत नव्हतं. मला एक येत होतं, तेवढंच नडलं!