तांब्याच्या वाटीतलं क्रीम

परभणीच्या फार्मसी कॉलेजात शिकवता शिकवता मी दोन उन्हाळे एका क्रीममागे घालवले. व्हिटॅमिन ए त्वचेला गुणाचं, पण रुसव्याफुगव्यात जावयाच्या वरताण. उजेड सोसत नाही, हवा सोसत नाही, ऊन तर नाहीच, आणि तांब्या-लोखंडाचा अंश लागला की नासलंच. म्हणून ते मी सगळ्यात शेवटी, मिश्रण निवल्यावर, मंद उजेडात घालायचे. सोबतीला व्हिटॅमिन ई आणि धातूचा अंश पकडून ठेवणारा क्षार. भरायला बारीक तोंडाची, आतून लेप दिलेली पत्र्याची ट्यूब. आमच्याकडच्या मे महिन्यातही क्रीम टिकलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

हा सगळा खटाटोप थोरल्या बहिणीसाठी होता. मुरुमांच्या काळ्या डागांवरून तिला दोन स्थळांनी नाकारलं होतं. झरीला घरी जाऊन मी तिच्या हातात ट्यूब दिली आणि बजावलं, "ताई, सुरुवातीला आग होईल, साल निघंल. भ्यायचं न्हाई, सोडायचं न्हाई."

आईनं विचारलं, "काय हाय गं त्यात?"

"तुला न्हाई कळायचं. तू हात लावू नको."

मग परीक्षा लागल्या. महिन्यानं घरी गेले ती थेट तिसऱ्या स्थळाच्या दिवशी. ताईचे गाल लालभडक, ओठांच्या कडा चिरलेल्या. मी ट्यूब मागितली, तर आईनं देवघरातून तांब्याची वाटी आणून दिली. आत तपकिरी, खवट वासाचा गोळा, कडेला हिरवट. देवघराच्या खिडकीतून सकाळभर ऊन येतं.

"पत्र्यात औषध नासतं म्हणून काढून ठिवलं," आई म्हणाली. "आपल्यात तीर्थ बी तांब्यातच ठेवतेत. रोज लिंगपूजा झाली की मगच लावायलीय ती."

मी नको नको ते बोलले. अडाणी म्हणाले. आई पदरानं वाटी पुसत बसली. रागावणार तरी कुणावर, आपलेच दात आणि आपलेच ओठ. व्हिटॅमिन ए कशानं नासतं, हे मी दरवर्षी पोरांना तासभर समजावते. आईसाठी मला दोन मिनिटं नव्हती, आणि याची लाज मला आजही वाटते.

पाहुणे आले. मुलाच्या आईनं ताईला जवळ बसवून घेतलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "पोरीला कातडीचा रोगबिग न्हाई ना?" पोहे तसेच ठेवून ते उठले. निरोप कळवतो म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

ते गेल्यावर मी ताईच्या गालांवर गार दुधाची घडी ठेवत होते. चीड अजून निवली नव्हती. "इतकी आग व्हायलीती, तर मला फोन का न्हाई केलास?"

तिनं डोळे उघडले नाहीत. "तूच म्हणलीस ना, आग होईल, सोडायचं न्हाई. मला वाटलं गुण यायलाय. पावणे येणार म्हणून काल दोनदा लावलं."